पेलेट स्टोव्ह: ७४ वर ठेवू की ६८ वर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआला एका कुटुंबाने या उन्हाळ्यात १,५०० चौरस फुटांचं जुनं केप धाटणीचं घर घेतलं. दिवाणखान्यात आधीच्या मालकाने बसवलेला पेलेट स्टोव्ह आहे, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुश्याच्या बारीक कांड्या (पेलेट) जाळणारी शेगडी. बेसमेंटमध्ये तेलावर चालणारा बॉयलर आणि खोल्यांच्या कडेने बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या तळाशी गरम पाण्याचे पाइप. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ७४ वर (सगळे अंश फॅरनहाइट), स्टोव्हचा मोड 'ऑटो/ऑफ', हीट लेव्हल ५. नोव्हेंबरच्या रात्रीत स्टोव्ह सहा-सात वेळा विझतो आणि पुन्हा पेटतो. दिवाणखान्यात बनियनवर बसावं लागतं आणि मागच्या बेडरूममध्ये मुलगी दोन रजया घेऊन झोपते. दिवसाला दीड बॅग पेलेट जातात. "नक्की किती तापमान लावावं?"

आज रात्रीपुरतं उत्तर हवं असेल तर हे करा. थर्मोस्टॅट ६९ वर आणा, हीट लेव्हल ५ वरून ३ वर, मोड 'ऑटो/ऑफ'वरून 'हाय/लो'वर. बॉयलरचा थर्मोस्टॅट बंद करू नका, ६४ वर ठेवा. असं का, ते सवडीने वाचा.

मी मूळचा कराडकडचा. इथे आल्यावर आठ वर्षं एका छोट्या हीटिंग कंपनीत पेलेट स्टोव्ह बसवायचं आणि दुरुस्तीचं काम केलं. आता धंदा वेगळा आहे, पण घरी चौदावा हिवाळा स्टोव्हवरच चाललाय. इतक्या वर्षांत लोकांनी फोनवर सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते हेच: किती वर ठेवू? आणि दर वेळी मी आधी उलटं विचारायचो: खोली गरम झाल्यावर तुमचा स्टोव्ह काय करतो, विझतो की मंद होतो?

हे कळायला पेलेट स्टोव्हपेक्षा आपली चूल जास्त कामाची आहे. माझी आजी रात्री जेवणं उरकली की चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवायची. पहाटे राख बाजूला केली, दोन काटक्या टाकल्या, फुंकणीने फुंकलं की जाळ तयार. ज्या घरात विस्तव विझायचा त्या घरची बाई सकाळी शेजारी विस्तव मागायला जायची, कारण थंड चूल नव्याने पेटवायची म्हणजे धूर, डोळ्यांतून पाणी आणि अर्धा तास. पेलेट स्टोव्हलाही विश्रांतीचे हेच दोन प्रकार आहेत. 'ऑटो/ऑफ' म्हणजे काम झालं की चूल विझवायची आणि लागेल तेव्हा पुन्हा पेटवायची. 'हाय/लो' म्हणजे काम झालं की आच मंद करायची, निखारा राखून ठेवायचा. तिसरा 'मॅन्युअल' मोड असतो. त्यात थर्मोस्टॅटला कुणी विचारत नाही, तुम्ही लावलेल्या लेव्हलवर स्टोव्ह जळत राहतो.

(आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा तिने पेलेटची बॅग उघडून मूठभर हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाली, "ही तर म्हशीची पेंड!" दिसायला अगदी तशीच, पाव इंच जाडीची. फक्त लाकडाच्या भुश्याची, दाबून केलेली.)

आता विझणं-पेटणं एवढं वाईट का? पेटताना एक छोटी विजेची कांडी, इग्नायटर, लाल होते आणि तिच्यावरून गेलेली गरम हवा पेलेटना पेटवते. यात पाच ते दहा मिनिटं जातात. लोखंड तापून खोलीत खरी ऊब यायला आणखी दहा मिनिटं. विझतानाही तेच: पेलेट पडायचे थांबले तरी राहिलेले जळून जाईपर्यंत आणि पेटी थंड होईपर्यंत वीसेक मिनिटं पंखे फिरतात, आणि त्यातला धूर ओढणारा पंखा घरातलीच ऊब थोडी थोडी चिमणीतून बाहेर फेकतो. म्हणजे दर फेरीत पाऊण तास स्टोव्ह धड काम करत नसतो. रात्रीत सात फेऱ्या म्हणजे किती वेळ, तुम्हीच बघा. शिवाय पेटतानाच सगळ्यात जास्त धूर होतो आणि काचेवर काजळी धरते. इग्नायटर तर झिजणारीच वस्तू. माझ्या अनुभवात फेब्रुवारीत बंद पडलेल्या इग्नायटरांपैकी बहुतेक अशाच घरांतले, जिथे स्टोव्ह नोव्हेंबरपासून दर तासाला पेटत होता.

मग 'ऑटो/ऑफ' कधीच वापरू नये का? वापरावा. पण केव्हा, ते बाहेरच्या हवेवर ठरतं, आणि त्याचा हिशोब कागदावर मांडता येतो.

तुमच्यासारख्या जुन्या पण बऱ्यापैकी इन्सुलेशन असलेल्या घरातून बाहेर शून्य अंश फॅरनहाइट आणि आत ७० असताना तासाला साधारण ४०,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता निसटते असं धरू. म्हणजे आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकाला सुमारे ५७० बीटीयू. आता स्टोव्हची बाजू. पेलेटच्या एका पौंडात ८,२०० बीटीयूच्या आसपास उष्णता असते, त्यातली पाऊण भागाहून थोडी जास्त खोलीत येते, बाकीची चिमणीतून जाते. ४० पौंडांची एक बॅग घराला अडीच लाख बीटीयूच्या जरा वर देते. तुमची दीड बॅग म्हणजे दिवसाला पावणेचार लाखांच्या वर, तासाला सरासरी १६,०००. भागिले ५७०, म्हणजे २८ अंशांचा फरक. आत ७०, तर बाहेर ४२. नोव्हेंबरात नॅशुआची सरासरी याच्याच आसपास असते. तेव्हा तुमचा स्टोव्ह जास्त खातोय अशी काळजी करू नका. तो घराला लागतं तेवढंच खातोय. फक्त चुकीच्या वेळी आणि चुकीच्या जोरात.

सगळ्यात मंद आचेवर असे स्टोव्ह तासाला एक ते दीड पौंड पेलेट जाळतात. दीड पौंड धरले तर तासाला साडेनऊ हजार बीटीयू. एवढ्याने घर १७ अंश वर राहतं. म्हणजे बाहेर ५३ च्या खाली हवा गेली की घराला निखाऱ्यापेक्षा जास्त उष्णता लागतेच. दिवसा ऊन, स्वयंपाक, माणसं यांची भर पडते, म्हणून मी ढोबळ रेघ ४५ वर ओढतो. बाहेर ४५ च्या वर असेल तर 'ऑटो/ऑफ', कारण मंद आचही तेव्हा जड होते आणि खिडक्या उघडाव्या लागतात. ४५ च्या खाली 'हाय/लो'. ऑक्टोबर आणि एप्रिल पहिल्या प्रकारात, थँक्सगिव्हिंगपासून (नोव्हेंबरअखेर) मार्चअखेरपर्यंत दुसरा. नोव्हेंबर मधला, त्यात दिवसा एक आणि रात्री एक असं करावं लागतं. मी तेवढ्यापुरता रोज संध्याकाळी बटण बदलतो. दोन सेकंदांचं काम आहे.

हाच हिशोब दुसऱ्या टोकालाही लावा. तुमच्या स्टोव्हच्या पाठीमागची पाटी बघा. मधल्या आकाराच्या स्टोव्हवर बहुधा ४३,००० च्या आसपास आकडा असतो, आणि बऱ्याच पाट्यांवर तो पोटात जाणाऱ्या उष्णतेचा असतो, खोलीत येणाऱ्या नव्हे. त्यातले खोलीत ३३,००० च्या थोडे वर. त्याला ५७० ने भागा: ५८ अंश. म्हणजे बाहेर ११-१२ अंशांच्या खाली पारा गेला की एकट्या स्टोव्हने ७० राखणं जमणारच नाही. लेव्हल ५ वर चोवीस तास धापा टाकत चालेल, पहाटे घर ६५ वर असेल आणि तुम्हाला वाटेल स्टोव्ह बिघडला. जानेवारीत असे फोन रांगेने यायचे. स्टोव्ह बरोबर होता, अपेक्षा चुकलेली होती. त्या रात्रींसाठी बॉयलर आहे.

आता ७४ च्या आकड्याकडे येऊ. थर्मोस्टॅट म्हणजे गॅसच्या शेगडीचं बटण नव्हे. तो ७४ केला म्हणून आच वाढत नाही. तो फक्त 'कुठवर' एवढंच सांगतो. 'किती जोरात' ते हीट लेव्हल सांगते. लोक नेमकी इथेच गल्लत करतात. मागची बेडरूम गार लागते म्हणून थर्मोस्टॅट वाढवतात, लेव्हल तर आधीच पाचवर असते. मग स्टोव्ह दिवाणखाना पंधरा-वीस मिनिटांत भाजून काढतो, तिथल्याच भिंतीवरचा थर्मोस्टॅट "झालं" म्हणतो, स्टोव्ह थांबतो. मागच्या खोलीपर्यंत ऊब पोहोचायला वेळच मिळत नाही. लेव्हल ३ वर तेच पेलेट सावकाश जळतात, स्टोव्ह तास-दोन तास सलग चालतो, हवा घरभर फिरायला सवड मिळते. तांदूळ मोठ्या आचेवर ठेवले की तळाला करपतात आणि वर कच्चे राहतात, तोच प्रकार. डिसेंबरात तीनवर दिवाणखाना ६९ गाठत नाही असं दिसलं तर चारवर न्या. पाच मी फक्त गार घर तापवायला वापरतो, बाहेरगावाहून आल्यावर वगैरे.

आणि बेडरूमसाठी एक जुनी युक्ती, जी सांगितल्यावर निम्मे लोक मला वेड्यात काढतात. छोटा टेबलफॅन घ्या, मागच्या बेडरूमच्या दारात जमिनीवर ठेवा आणि तोंड स्टोव्हकडे करा. होय, गार खोलीतून गरम खोलीकडे. गार हवा जड असते, ती जमिनीलगत ढकलणं सोपं. ती तिकडून निघाली की तिची जागा घ्यायला गरम हवा छताखालून आपोआप येते. दाराच्या वरच्या चौकटीला टिश्यू पेपरची एक पट्टी चिकटवून बघा, ती बेडरूमच्या आतल्या बाजूला हलायला लागते. पंखा अगदी कमी वेगावर पुरतो. माझ्याकडे याने शेवटच्या खोलीत चार-पाच अंशांचा फरक पडला. स्टोव्हमागे पंखा लावून गरम हवा तिकडे ढकलायचा प्रयोग मी आधी केला होता, त्यात फक्त आवाज वाढला.

भिंतीवरच्या थर्मोस्टॅटबद्दल जरा जास्त लिहितो, कारण सहा-सात फेऱ्यांचं निम्मं पाप त्याचं असू शकतं. बहुतेक प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट गॅस फर्नेससाठी (घरभर गरम हवा सोडणारी भट्टी) ठरवून येतात. त्यांच्या आतल्या मेनूत 'सायकल्स पर अवर', म्हणजे तासाला किती फेऱ्या, असा एक आकडा असतो. हनीवेलच्या थर्मोस्टॅटवर साध्या फर्नेससाठी तो ५ असतो, गरम पाण्याच्या बॉयलरला ३, वाफेवरच्या हीटिंगला १. पेलेट स्टोव्हला १ लावा. काही कंपन्या याऐवजी 'स्विंग' किंवा 'डिफरन्शियल' देतात, म्हणजे किती अंश खाली आल्यावर पुन्हा हाक द्यायची. तो अर्ध्या अंशावर असेल तर दोनवर न्या. तुम्हाला वाटेल दोन अंशांनी घर गार-गरम जाणवेल. नाही जाणवत. स्टोव्हसमोर बसलेल्या माणसाला तापलेल्या काचेतून जी थेट आच लागते, तिच्यापुढे हवेतले दोन अंश कुणाच्या लक्षात येत नाहीत.

जागाही बघा. स्टोव्हचा गरम झोत, दुपारचं ऊन, टीव्हीची मागची बाजू, बाहेरचं दार, यांतलं काहीही थर्मोस्टॅटला लागत असेल तर आकड्याला अर्थ नाही. घराच्या आतल्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फुटांवर, स्टोव्हपासून एका खोलीच्या अंतरावर तो उत्तम. तुमचा दिवाणखान्यातच आहे असं तुम्ही लिहिलंय. जमलं तर मधल्या पॅसेजमध्ये हलवा. मग ६९ हा पॅसेजचा आकडा असेल, दिवाणखाना ७२ च्या आसपास राहील आणि मागची खोली ६६-६७. रजई एक पुरेल.

तार हलवताना एक धोका आहे. स्टोव्हच्या पाठीमागचे दोन स्क्रू फक्त 'जोडलं-सोडलं' एवढंच ओळखतात. तिथे बाहेरून वीज द्यायची नसते. बॉयलरच्या थर्मोस्टॅटच्या तारेत २४ व्होल्ट असतात. ती तार चुकून स्टोव्हला लावली तर कंट्रोल बोर्ड जळू शकतो, आणि स्टोव्हमधला सगळ्यात महाग भाग बहुधा तोच. ज्या स्मार्ट थर्मोस्टॅटना सतत वीज लागते, म्हणजे सी वायर लागते, ते याच कारणाने पेलेट स्टोव्हवर रडवतात. साधा, बॅटरीवर चालणारा, दोन तारांचा थर्मोस्टॅट घ्या. या कामात मला त्याहून भरवशाचं काही सापडलेलं नाही. आणि काम करण्याआधी स्टोव्हचा प्लग काढा, हे वेगळं सांगायला नको.

आता बॉयलर. तुमच्या प्रश्नात हा मुद्दा नव्हता, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

आमचा तिसरा हिवाळा. स्टोव्ह नवा, उत्साह दांडगा, तेल जाळायचंच नाही असा पण केलेला. त्या रात्री बाहेर उणे ११ होतं. बॉयलरचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये होता, स्टोव्हपासून बारा पावलांवर. हॉल छान ७१ वर. साहजिकच बॉयलर रात्रभर गप्प. आमची एक खोली गॅरेजच्या वर आहे, तिथे कुणी झोपत नव्हतं, दार लावलेलं. सकाळी त्या खोलीत गेलो तर तोंडातून वाफ. बेसबोर्डचं पत्र्याचं झाकण काढलं. तांब्याच्या पाइपावर बोट ठेवलं तर बोट चिकटतंय की काय असं वाटलं. मी घाबरून बॉयलर सुरू केला. अर्ध्या तासाने गॅरेजमध्ये पाऊस. उत्तरेकडच्या भिंतीतला कोपऱ्यावरचा जोड बर्फाने फाटला होता आणि बर्फ वितळल्यावर पाण्याने वाट काढली. तोवरच्या तीन हिवाळ्यांत तेलाचे जेवढे पैसे वाचवले होते, त्याहून जास्त छतावर आणि प्लंबरवर गेले. लोकांच्या घरी जाऊन स्टोव्ह बसवणारा मी, माझ्याच घरी हे.

कारण सरळ आहे. बेसबोर्डमधलं पाणी फिरतं तेव्हाच ते गोठत नाही. स्टोव्हने थर्मोस्टॅटला गरम ठेवलं की पाणी फिरायचं थांबतं, आणि बाहेरच्या भिंतीतला, क्रॉलस्पेसमधला (घराखालची बुटकी पोकळी), गॅरेजवरचा पाइप एकटा पडतो. म्हणून बॉयलरचा थर्मोस्टॅट स्टोव्हच्या उबेत असेल तर ६४ लावूनही उपयोग नाही, तो कधी हाक देणारच नाही. तो लांबच्या, गार बाजूला हलवून घ्या. ते होईपर्यंत हे करा: थर्मोस्टॅट प्रोग्रॅमेबल असेल तर बाहेर १५ च्या खाली जाणाऱ्या रात्रींसाठी रात्री ११, २ आणि ५ ला प्रत्येकी पंधरा मिनिटं ७६ लावा, बाकी वेळ ६४. तेवढ्या वेळात गरम पाणी एक चक्कर मारून येतं. तेल थोडं जळेल, जळू दे. आणि त्या रात्री रिकाम्या खोल्यांची दारं उघडी ठेवा.

रात्री तापमान किती उतरवावं हाही प्रश्न नेहमी येतो. फर्नेस असलेले लोक रात्री आठ-दहा अंश उतरवतात आणि सकाळी झटक्यात चढवतात. पेलेट स्टोव्हला ते झेपत नाही. वरचा हिशोब बघा: जानेवारीत बाहेर २४ असेल तर घराला २६,००० बीटीयू नुसतेच टिकून राहायला लागतात, स्टोव्हकडे वर ७,००० उरतात. भिंती, सामान, फरशी यांच्यासकट घर एक अंश चढवायला माझ्याकडे तास-दीड तास लागतो. रात्री आठ अंश उतरवलेत तर सकाळी मुलगी शाळेत जाऊन परत येईल तेव्हा घर तापलेलं असेल. दोन अंश उतरवा, फार तर तीन. ६९ चे ६७. झोपही बरी लागते.

ज्यांचा स्टोव्ह वेगळ्या घराण्याचा आहे त्यांच्यासाठी थोडं. हार्मन कंपनीच्या जुन्या नॉबवाल्या स्टोव्हवर 'रूम टेम्प' आणि 'स्टोव्ह टेम्प' अशा दोन बाजू असतात. 'रूम टेम्प'मध्ये स्टोव्हच्या मागे येणारा एक बारीक तारेचा सेन्सर खोलीची हवा मोजतो आणि स्टोव्ह स्वतःच आच कमी-जास्त करत जातो. 'स्टोव्ह टेम्प'मध्ये तो खोलीकडे बघत नाही, बाहेर जाणाऱ्या धुराचं तापमान तुम्ही लावलेल्या अंकावर धरून ठेवतो. 'रूम टेम्प'सोबत इग्नायटर 'ऑटो'वर असेल तर खोली तापल्यावर विझेल, 'मॅन्युअल'वर असेल तर मंद होऊन राहील. म्हणजे पुन्हा तेच, चूल विझवायची की निखारा झाकायचा. यांच्यात मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली गडबड म्हणजे तो सेन्सर. कारखान्यातून आलेल्या गुंडाळीसकट स्टोव्हच्या पाठीशी कोपऱ्यात पडलेला असतो आणि लोक म्हणतात ७२ लावलं तरी खोली ६६. कोपऱ्यातली कोंडलेली हवा ७२ असतेच. साधी दोन पदरी थर्मोस्टॅटची तार जोडून तो आतल्या भिंतीवर नेला की प्रश्न मिटतो. धुराचं तापमान मोजणारा आतला सेन्सर वेगळा. त्याच्यावर राखेचा थर बसला की तो खरं तापमान सांगत नाही आणि स्टोव्ह चुकीच्या मापाने पेलेट ओढतो. वर्षातून दोनदा मऊ कापडाने पुसा, घासू नका.

युरोपात राहणाऱ्यांचे स्टोव्ह बहुतेक एक ते पाच पॉवरचे आणि स्वतः आच बदलणारे असतात. तिथे मेनूत 'स्टँडबाय' किंवा 'इको' नावाची सोय चालू केली तर तो विझतो, बंद ठेवली तर पॉवर १ वर थांबतो. नावं वेगळी, निवड तीच. पेलेट घेताना बॅगेवर ईएनप्लस ए१ हा दर्जाचा शिक्का बघा.

सगळे आकडे नीट लावूनही ऊब कमी वाटली तर ज्योतीकडे बघा. स्टोव्हपुढे पाटावर बसा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. चांगला जाळ पिवळा-पांढरा, चपळ असतो, त्याच्या टोकाला धूर नसतो. जाळ नारिंगी, लांब, आळसावलेला, टोकाला काळी शेपूट असलेला दिसला तर हवा कमी पडतेय किंवा पेलेट जास्त. आखूड, फुरफुरणारा, लोहाराच्या भात्यासारखा आणि अर्धे जळके पेलेट, ते जळतात त्या भांड्याबाहेर उडवणारा असेल तर हवा जास्त. सकाळी काचेवर बोट फिरवा. भुरकट राख सुटली तर ठीक. काळी, चिकट काजळी असेल तर हवेचा काटा एक घर वाढवा आणि एक दिवस थांबा. एका वेळी एकच गोष्ट बदला. ब्रँड बदलला की हे पुन्हा बघावं लागतं: लांब पेलेट ऑगरच्या, म्हणजे पेलेट पुढे ढकलणाऱ्या, स्क्रूतून कमी पडतात, आखूड जास्त, आणि भुगा जास्त असलेली बॅग तर वेगळंच नाटक करते. भांड्याच्या तळाला वीटभट्टीतल्या खंगरासारखा काळा कडक गोळा सापडला तर तो काढा, त्याने हवेची भोकं बुजतात. आतल्या नळ्यांवरची राख आठवड्याला झटका. राख म्हणजे गोधडी आहे, ती लोखंडावर पांघरली की उष्णता खोलीऐवजी चिमणीत जाते आणि तुम्ही बसता थर्मोस्टॅट वाढवत.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर असायलाच हवा, यावर चर्चा नको. आणि वीज गेली की हा स्टोव्ह थांबतो, धूर ओढणारा पंखाही. अशा वेळी दार उघडू नका, नाहीतर धूर खोलीत.

तुम्ही एक काम करा. हॉपरच्या, म्हणजे पेलेट भरायच्या टाकीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला मास्किंग टेप लावा आणि त्यावर तारीख, बाहेरचं तापमान, मोड, लेव्हल, किती बॅगा, एवढं रोज रात्री लिहा. मागच्या बेडरूममध्ये साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळी सहाला त्याचा आकडा त्याच ओळीत टाका. दहा दिवसांच्या ओळी झाल्या की मला पाठवा. घराचा ५७० हा आकडा मी अंदाजाने धरलाय, तुमच्या ओळींवरून खरा काढू. मग जानेवारीसाठी लेव्हल चार लागेल की तीनवर भागेल, ते सांगतो.